टेलच्या तालुक्याचा आमदार: गणपतराव देशमुख आणि सांगोल्याचे पाणी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात कालव्याचे पाणी तीन बाजूंनी येते आणि तिन्ही बाजूंनी सगळ्यांत शेवटी येते. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूर भिजवतो आणि मग सांगोल्याकडे वळतो. कराडजवळ कृष्णेवरून उचललेले टेंभू योजनेचे पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडी अशी वाट काढत येते. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळचे पाणी कवठेमहांकाळ आणि जतच्या पलीकडे पोचायचे असते. पाटाच्या भाषेत याला टेल म्हणतात. या तालुक्याचे अनेक वर्षांचे आमदार भाई गणपतराव देशमुख म्हणजे आबासाहेब. एसटीने फिरणारा साधा आमदार एवढीच त्यांची ओळख आता उरत चालली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांचे निम्मे राजकारण या टेलमधून आलेले आहे.

जन्म 1926 चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षण वकिलीचे, पक्ष शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), आणि तोही शेवटपर्यंत एकच. सांगोल्यातून ते 1962 मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेले, 1967 ला पुन्हा. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. मग 1978, 1980, 1985, 1990. 1995 ला शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या 192 मतांनी पराभव झाला. पुढे 1999, 2004, 2009 आणि वयाच्या 88 व्या वर्षी 2014. एकूण अकरा विजय. याला सर्रास देशातला विक्रम म्हटले जाते, ते बरोबर नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी याहून अधिक वेळा निवडून आले. महाराष्ट्रात मात्र एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणे दुसऱ्या कुणाला जमलेले नाही. यातली बहुतेक वर्षे ते विरोधी बाकावर होते. मंत्रिपद मिळाले ते 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 च्या आघाडी सरकारात.

पाण्याची गोष्ट समजायला 1976 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले आणि 31 मे 2000 नंतर फेरविचाराची वाट मोकळी ठेवली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. हक्क कागदावर मिळाला, पण पाणी अडवायला धरणे आणि उचलायला पंप नव्हते. वापरले नाही तर दावा कमजोर पडणार, ही धास्ती होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी 1993 मध्ये आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. तेरा तालुक्यांच्या या चळवळीत गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर अण्णांच्या बरोबरीने राहिले. मागणी नुसती पाणी द्या एवढीच नव्हती, समन्यायी वाटप करा अशी होती. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभूसारख्या योजनांना वेग आला. योगायोग असा, की नेमके तेव्हा गणपतराव सभागृहात नव्हते.

समन्यायी शब्दाचा अर्थ चारीवर, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटावर, उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, प्रवाह चोवीस तास चालला तर साधारण साडेचोवीस लाख लिटर पाणी मिळते. एका एकरावर साडेसात सेंटिमीटरचे ओलित धरले तर तीन लाख लिटर लागते, म्हणजे आठ एकर भिजायला हवे. अर्धे पाणी वाटेत गेले तर चारच. आणि वाटेत जाते. कोरडा पडलेला पाट आधी स्वतः पितो. कच्च्या चारीच्या भरावात खेकड्यांची बिळे असतात, दारे वाकलेली असतात, तळात गवत माजलेले असते. वरच्या अंगाला कालव्याच्या काठावर मोटारी बसतात, रात्री सायफनचे पाइप पडतात. उपसा योजनेत आणखी एक भानगड असते: एका टप्प्यावरचे पंप बंद पडले की त्याच्या खालचेही थांबवावे लागतात, नाहीतर हौद भरून वाहतो. शिवाय आवर्तनाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचे, दिवस कालव्याच्या मुखाशी दार उघडल्यापासून मोजले, तर टेलला पाणी पोचेपर्यंत पाळी संपत आलेली असते. म्हणून टेलचा शेतकरी ‘टेल टू हेड’ मागतो: आधी शेवटच्या चारीला, मग मागे मागे येत मुखाकडे.

सांगोल्यात याला जोड मिळाली माण नदीची. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे योजनेच्या पाण्याने भरले की काठच्या विहिरींना पाणी येते, चारी नसली तरी चालते. इथेही घोटाळा बरग्यांचा, म्हणजे बंधाऱ्याच्या दारात बसवायच्या फळ्यांचा. ते पावसाळा सरताना वेळेत बसले नाहीत, रबर फाटलेले असले किंवा चार बरगे चोरीला गेले, तर भरलेला बंधारा आठवडाभरात रिकामा दिसतो.

कमी पाण्यावर तगणारे पीक म्हणून डाळिंब इथे रुजले. 1990 पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने लागवडीला बळ दिले. साडेचार बाय तीन मीटरवर हेक्टरी 740 झाडे, ठिबक, आणि बहर (फुलोरा) धरण्याआधी महिना-दीड महिना ताण, म्हणजे पाणी बंद. कोरडी हवा आणि हलकी जमीन इथे उपयोगी पडली. पण पावसाळी दमट हवेत तेल्या रोग फिरतो, म्हणून पुष्कळांनी पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहर सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहर धरला. अलीकडे खोडकिडीने बागाच्या बागा काढाव्या लागल्या, त्यावर ताणाचा उपाय चालत नाही.

2019 ला गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी गणपतरावांचे निधन झाले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत शेकापकडे आणली. दरम्यान उपसा योजनांच्या वीजबिलाचा तिढा बराचसा सुटला होता: 81 टक्के शासनाने, 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे. त्याआधी थकबाकीपायी पंप बंद राहायचे आणि टंचाई निधीतून बिल भरले की तेवढ्यापुरते चालू व्हायचे. आता सात नंबरचा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज आणि पाणीपट्टी वेळेत भरली तर टेलच्या माणसाला निदान भांडायला कागद हातात असतो.