लसीची सुई, आईची मांडी आणि कॉर्टिसॉल

‘लहान आहे हो ते, त्याला काय कळतंय!’ बाप पिऊन येतो, आईवर हात उगारतो, भांडी आपटतात, आणि कोपऱ्यात बसलेल्या तीन वर्षांच्या पोराबद्दल शेजारीपाजारी हेच म्हणतात. तेच पोर सातवीत गेलं, वर्गात कुणी बाकावर डस्टर आपटला की दचकायला लागलं किंवा अंगावर धावून जायला लागलं, की सोलापुरात सल्लाही ठरलेला असतो: ‘का बे, एवढ्यातेवढ्यावर काय? घट्ट हो जरा.’ म्हणजे आधी त्याला काही कळतच नव्हतं, आणि नंतर मात्र सोसायची ताकद आपोआप अंगात यायला हवी होती. शरीरशास्त्राला यातलं काहीच मान्य नाही. का, ते पाहायचं तर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसावं.

सोलापूरच्या पूर्वभागातली एखादी अंगणवाडी घ्या. विड्या वळणाऱ्या बायका सूप घरी ठेवून, बोटांना तंबाखूचा वास तसाच घेऊन, पोरं कडेवर मारून आलेल्या असतात. तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू सगळं एकाच वेळी चाललेलं. सिस्टर बाळाची मांडी धरते, सुई टोचते. बाळ क्षणभर गप्प राहतं, तोंड उघडं, श्वास अडकलेला, आणि मग एकदम भोकाड पसरतं. आई त्याला छातीशी घेते, हलवते, ‘अयिपोयिंदी, झालं झालं’ म्हणते. दोन मिनिटांत हुंदके, पाच मिनिटांत बाळ शेजारणीच्या बांगड्यांकडे बघत असतं.

बाहेरून दिसतं ते एवढंच. आत काय चालतं ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनर यांनी लस घेणाऱ्या बाळांवरच तपासलं. पद्धत साधी होती: टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर काही वेळाने बाळाच्या तोंडातली लाळ कापसाने टिपायची आणि तिच्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सोडतं ते संप्रेरक, मोजायचं. दोन महिन्यांच्या बाळांमध्ये सुईनंतर कॉर्टिसॉल चांगलंच चढलं. वय वाढलं तशी पुढच्या डोसांना ही चढण कमी झाली. पंधराव्या महिन्यात मात्र मुलांमध्ये फरक दिसू लागला. आईजवळ गेलं की सुटका होते असा ज्यांना भरवसा होता, त्यांचं कॉर्टिसॉल जवळपास हललंच नाही. ज्यांना तो भरवसा नव्हता, त्यांचं चढलं. रडणं आणि कॉर्टिसॉल यांचा मेळ बसेलच असं नाही, ही यातली गंमत. आईच्या मांडीवर मोकळ्या गळ्याने रडणाऱ्या पोराची आतली यंत्रणा शांत असू शकते, आणि आवाज न करता बसलेल्याची पेटलेली असू शकते. ‘आमचं पोर किती शहाणं, रडलंसुद्धा नाही’ हे कौतुक म्हणून जरा जपूनच करावं.

आता ही यंत्रणा. इथे मी थोडा खोलात जाणार आहे, कारण मला हा सगळ्या जीवशास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रेनालिन सुटतं: छाती धडधडते, तळहात घामेजतात. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक रसायन सोडतो. ते लगतच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी रक्तातून दुसरा निरोप पाठवते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडू लागतात. लाळेत त्याचं शिखर वीस ते तीस मिनिटांनी येतं, म्हणून गनरबाईंना कापूस घेऊन थांबावं लागलं. कॉर्टिसॉल वाईट नाही, हे आधी सांगतो. सकाळी अंथरुणातून उठवतं ते तेच, आणि त्याच्याविना माणूस जगत नाही. प्रश्न असतो तो हे सगळं बंद कधी आणि कसं होतं याचा.

बंद करायचं कामही कॉर्टिसॉलच करतं. ते रक्तातून पुन्हा मेंदूत पोचतं, हिप्पोकॅम्पस (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) आणि हायपोथॅलॅमसमधल्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांवर, बसतं आणि ‘पुरे’ असं सांगतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी चढलं की नळ मिटवतो, तसंच. हे रिसेप्टर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीची कॉर्टिसॉलवरची पकड दुसरीपेक्षा सुमारे दहापट घट्ट, त्यामुळे ते एरवीही बहुतांश भरलेलेच असतात. दुसरे, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, ढिल्या पकडीचे. ते भरतात ते कॉर्टिसॉल खूप वाढल्यावरच. म्हणजे ताण ओसरवण्याची भिस्त या दुसऱ्या जातीवर. हिप्पोकॅम्पसमध्ये ते जितके जास्त, तितकं यंत्रणा बंद होणं चटकन. ते कमी असतील तर तोच धक्का तासन्‌तास अंगात रेंगाळतो.

मग हे रिसेप्टर किती असावेत, हे कोण ठरवतं? कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने २००४ साली याचं उत्तर उंदरांत दाखवलं. काही उंदरीण आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणी हे रिसेप्टर जास्त सापडतात आणि ती ताणातून लवकर सावरतात. आनुवंशिकता असेल, असं कुणीही म्हणेल. म्हणून त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटची पिल्लं जास्त चाटणारीकडे वाढली, तर ती वाढवणारीवर गेली. हा रिसेप्टर बनवणारं जनुक तेच होतं, पण त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात आणि ते जनुक वाचायला येणाऱ्या एनजीएफआय-ए या प्रथिनाला तिथे बसू देत नाहीत. चाटण्यामुळे पिल्लाच्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं, त्यातून एनजीएफआय-ए वाढतं, आणि त्या जागेवरचे मिथाइल गट कमी होतात. हा फरक जन्माआधी नव्हता, पहिल्या आठवड्यात पडला. आणखी एक गोष्ट: मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत एक विशिष्ट औषध सोडलं, तेव्हा ही खूण पुसली गेली आणि ताणाचा प्रतिसादही बदलला. म्हणजे खूण खोल असते, पण अमिट नसते.

माणसात? २००९ साली क्वेबेकमधल्या मृतांच्या मेंदूंचा अभ्यास झाला. लहानपणी अत्याचार झालेल्या आणि पुढे आत्महत्या केलेल्या १२ जणांत याच जनुकावर मिथाइल गट जास्त आढळले. आत्महत्या केलेल्या, पण अत्याचार न झालेल्या १२ जणांत तसं नव्हतं. संख्या लहान आहे, आणि माणसावर अदलाबदलीचा प्रयोग करता येत नाही. त्यामुळे इथे दावे जपूनच करायला हवेत.

एवढ्यावर वर्गातल्या त्या पोराकडे पुन्हा पाहू. यंत्रणा वर्षानुवर्षं चालूच राहिली तर दोन गोष्टी होऊ शकतात: ती जराशा कारणाने भडकते, किंवा उलट दमून मंदावते आणि खरा धोका आला तरी हलत नाही. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याला ‘वांड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘मठ्ठ’. दोघांना छडीचा उपाय सुचवला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने तो २००९ सालीच बेकायदेशीर ठरवलाय, पण कायदा बाजूला ठेवला तरी छडीने यंत्रणा घट्ट होते असं वरच्या सगळ्या जीवशास्त्रात कुठेही नाही.

घरच्या उपायांबद्दलही बोलायला हवं. पोर दचकतं, जेवत नाही, म्हणजे नजर लागली, बाहेरचं काही झालं. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकण्याने मिरचीशिवाय कुणाचं नुकसान होत नाही, आणि त्या निमित्ताने आजी पोराला मांडीवर घेते, तेवढा भाग तर उपयोगाचाच. पण मांत्रिकाकडे नेऊन भूत उतरवण्यासाठी मारणं, डाग देणं हा आपल्या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि घाबरलेल्या मुलाला त्याहून घाबरवण्याचा खात्रीचा मार्गही. शिकलेल्यांनी हसू नये. डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग भरले ते फी भरू शकणाऱ्या घरांतल्या मुलांनी. ‘तुमचा ट्रॉमा स्कोअर काढा’ अशा चाचण्याही मोबाइलवर फिरत असतात. त्यांचं मूळ बरंच गंभीर आहे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली सॅन दिएगोतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यात १७ हजारांवर माणसं आली. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचं प्रमाण जास्त. पण हे लोकसंख्येबद्दलचं विधान आहे. एका माणसाचं भविष्य त्या आकड्यात नसतं, हे अँडा यांनी स्वतः २०२०मध्ये बजावून सांगितलं.

नसतं, याचा पुरावा हवाई बेटांपैकी कवाईवर आहे. कवाई हे उसाच्या मळ्यांचं बेट होतं, मजुरांच्या वस्त्यांचं. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला चित्र डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडू नयेत. १९५५मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं माग ठेवला. गरिबी, भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलं सक्षम, धड माणसं झाली. त्यांच्यात वारंवार सापडलेली गोष्ट म्हणजे निदान एक तरी टिकून राहिलेलं मोठं माणूस. ते आईबापच असायचं असं नाही. आजी, मावशी, शेजारी, एखादी शिक्षिका, कुणीही.

म्हणजे मुलाला सावरायचं तर त्या मोठ्या माणसाची तब्येत आधी बघावी लागते. दिवसाला हजार विड्या वळायच्या, त्यातल्या किती बाद होतील ते कारखान्यात कळणार, नवऱ्याचा यंत्रमाग कधी चालू कधी बंद. अशा बाईला ‘मुलाला क्वालिटी टाइम द्या’ असं सांगणाऱ्याला मी तरी नमस्कारच करतो. आणि तरी बघा, विडी वळताना तिची बोटं चालू असतात, नजर पोरावर असते, त्याने ‘बा-बा’ केलं की ती ‘काय रे राजा’ म्हणते. हे प्रतिसादाचं देणंघेणं तिला कुणी शिकवलेलं नाही. ते थांबतं ते ती नैराश्यात गेली की.

यावर काम करणारी पद्धत पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तपासली गेली. अतीफ रहमान यांच्या गटाने गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बायकांना, नैराश्यावर बोलण्याचं थोडं प्रशिक्षण दिलं. त्या नैराश्यात असलेल्या बायकांच्या घरी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून जात राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्याकडच्या २३ टक्के आयांमध्ये नैराश्य उरलं होतं. नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ते ५३ टक्के होतं. बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त वेळेवर मिळाल्या. २००८ सालचा हा अभ्यास, आणि त्यात एकही मानसोपचारतज्ज्ञ घरोघरी हिंडला नाही.

आपल्याकडेही वाट जुनीच आहे. १९८०च्या दशकात निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने, सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. १९९६पासून त्याच नमुन्यावर देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, मराठीतून बोलता येतं. मुलाचाच छळ चालला असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

दहा-पंधरा वर्षांच्या मुलांचं काय, हा प्रश्न उरतो, कारण तिथे आईची मांडी पुरत नाही. गनर यांच्या प्रयोगशाळेतच हे दिसलं. अनोळखी लोकांपुढे भाषण करायला लावलं तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल आईवडील सोबत असले की आवरलं, पंधरा-सोळाच्यांना त्याचा उपयोग झाला नाही. पण २०१९मध्ये त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली. अनाथालयांत सुरुवातीचे दिवस काढून पुढे चांगल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांची ताणयंत्रणा लहानपणी मंदावलेली होती. वयात येता येता ती इतर मुलांसारखी चालू लागली. म्हणजे वयात येताना ही यंत्रणा पुन्हा एकदा जुळवून घेते, आणि जुळवून घेते ती तेव्हाच्या परिस्थितीशी. त्या मुलांची तेव्हाची परिस्थिती बरी होती. ज्यांची तेव्हाही तशीच वाईट असेल, त्यांची यंत्रणा कशाशी जुळेल, ते वेगळं सांगायला नको. हे वय साधारण सहावी ते दहावीचं, आणि नेमकी याच इयत्तांतून पोरं शाळा सोडून मागावर जायला लागतात.