पार्ट आला की फोन करतो

दादाच्या गाडीला जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे अपघातात पिशवी फुगवायची की नाही हे ठरवणाऱ्या भागात, दोष असू शकतो, जवळच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवा, काम मोफत होईल, असा मजकूर होता. दादा दुसऱ्याच दिवशी बाणेरला गेला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने चासी नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "हो सर, तुमची गाडी यादीत आहे. पण पार्ट वरूनच आलेला नाही. आला की फोन करतो." दसरा झाला, दिवाळी झाली, फोन आला नाही. गाडी रोज हिंजवडीला जाते. वहिनी आता मुलीला पुढच्या सीटवर बसू देत नाही. एवढाच काय तो बंदोबस्त त्यांच्या हातात आहे.

यात त्या अ‍ॅडव्हायझरची चूक नाही. गाडीत दोष आहे हे कंपनीनेच कळवायचं आणि दुरुस्तीचा भाग मात्र महिनोन्‌महिने यायचा नाही, ही अवस्था कशी तयार झाली, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

दोष असलेली गाडी बनवणाऱ्याने परत बोलवावी, ही कल्पना कायद्यात आली ती १९६६ साली अमेरिकेत. १९७४ च्या दुरुस्तीनंतर असं काम मोफत करणं तिथे बंधनकारक झालं. त्या कायद्यातली एक तरतूद इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालकाने गाडी दुरुस्तीसाठी आणल्यापासून ६० दिवसांत दोष दूर झाला नाही, तर वाजवी वेळेत काम न केल्याचा तो सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे मग उशिराचं समर्थन करण्याचा भार कंपनीवर येतो. हा साठचा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

त्याच १९६६ साली आपल्याकडे पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिचं आवार माहीत असतं. गाडी रस्त्यावर येण्याआधी तिची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी ही एक. पण विकल्या गेलेल्या गाडीत नंतर दोष निघाला तर काय, याला कायद्यात पुढची पाच दशकं जागा नव्हती. त्या काळातल्या गिऱ्हाईकाची मनःस्थितीही वेगळी होती. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाजची चेतक स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळायची. इतकी वाट पाहून घरी आलेली गाडी परत न्यायची, हा विचार कुणाच्या मनात येणार? काही बिघडलं तर नाक्यावरचा मेकॅनिक होताच.

आपल्याकडे 'रिकॉल' हा शब्द वर्तमानपत्रांत ठळकपणे दिसू लागला तो २०१० च्या सुमारास. त्या वर्षी मारुतीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या. २०१२ मध्ये सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची संहिता आणली. स्वेच्छा हा त्यातला महत्त्वाचा शब्द. दोष कंपनीने शोधायचा, जाहीरही कंपनीनेच करायचा, आणि दुरुस्ती कधी पुरी होणार याचा हिशेब मागणारं बाहेरचं कुणी नाही.

पुण्याला हा विषय जवळून दिसला तो २०१५ मध्ये. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या सॉफ्टवेअरच्या युक्तीने फक्त चाचणीपुरता धूर कमी दाखवतात, हे अमेरिकेतलं प्रकरण बाहेर आल्यावर इथे एआरएआयने त्या समूहाच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून तपासल्या आणि उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. डिसेंबरमध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. काम बहुतांशी सॉफ्टवेअरचं होतं. तरीही कंपनीने तोडगा तयार करायचा, एआरएआयने तो तपासायचा आणि मगच गाड्या बोलवायच्या, या क्रमात बराच काळ गेला. म्हणजे दुरुस्तीला उशीर व्हायला पार्टच अडावा लागतो असं नाही. बदललेला भागसुद्धा तपासून घ्यावा लागतो, आणि तो वेळ योग्य कारणी लागतो.

पार्टच्या तुटवड्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र टकाटाच्या एअरबॅगचं. टकाटा ही जपानी कंपनी जगातल्या बहुतेक मोठ्या गाडीवाल्यांना एअरबॅग पुरवायची. पिशवी क्षणात फुगावी म्हणून तिच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा सोसून ते रसायन बिघडायचं. मग अपघात झाला की पिशवी फुगवण्याऐवजी इन्फ्लेटरचं धातूचं आवरणच फुटायचं आणि त्याचे तुकडे चालकाच्या गळ्यात, छातीत घुसायचे. होंडाने पहिल्यांदा २००८ मध्ये जेमतेम ४ हजार गाड्या बोलावल्या. पुढे हा आकडा जगभरात मिळून सुमारे १० कोटी इन्फ्लेटरपर्यंत गेला. भारतातही होंडाने २०१५ मध्ये २ लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, २०१७ मध्ये आणखी ४१,५८०, २०१८ मध्ये २२,८३४.

इतके इन्फ्लेटर आणायचे कुठून? टकाटाचे स्वतःचे कारखाने पुरेनात. ऑटोलिव्ह, डायसेल, टीआरडब्ल्यू या तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून माल घ्यावा लागला, आणि त्यांचे इन्फ्लेटर त्या त्या गाडीला जुळतात का हे आधी तपासावं लागलं. मधल्या काळात काही गाड्यांमध्ये जुन्याच पद्धतीचा पण नवा इन्फ्लेटर बसवला गेला. तो ताजा असल्याने काही वर्षं धोका कमी, पण नंतर तोही बदलायचाच. टोयोटाने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डीलरना सांगितलं, की भाग नसेल तर चालकाशेजारची एअरबॅग बंद करा आणि त्या सीटवर कुणी बसू नये अशी सूचना लावा. वहिनीने मुलीला मागे बसवलं, तो विचार हाच.

त्या गोंधळातून एक गोष्ट फार चांगली झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने भागांच्या वाटपाचा क्रम स्वतःच्या हातात घेतला. गाडी किती जुनी, ती उष्ण आणि दमट भागात फिरते का, दोष चालकाच्या बाजूला आहे की शेजारच्या, हे पाहून गट पाडले आणि जास्त धोक्याच्या गटाला आधी भाग मिळेल असं कंपन्यांवर बंधन घातलं. भाग कमी असताना आधी कुणाला, हा प्रश्न तिथे सरकारने उघडपणे सोडवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि आपल्याकडे तो अजून कुणी नीट हातीच घेतलेला नाही.

आपला कायदा आला २०१९ मध्ये. मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ घातलं गेलं. वाहनातल्या दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. कंपनीने पूर्ण पैसे परत द्यायचे, किंवा दुसरी गाडी द्यायची, किंवा दुरुस्त करायची. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, त्यात १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांचा विचार होतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केलं तर हा दंड नाही. हे शहाणपणाचं आहे, नाहीतर कंपन्या दोष लपवतील. पण कलम ११०अ पुन्हा पुन्हा वाचलं तरी दिवसांचा आकडा सापडत नाही. तिकडचे ते साठ दिवस इथे नाहीत. पार्ट कमी पडले तर कुणाच्या गाडीला आधी, हेही नाही.

नियम लागू झाले त्याच वर्षी त्यांची परीक्षा झाली. कोविडनंतर सेमीकंडक्टर चिपचा जगभर तुटवडा होता. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसासच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली आणि तो आणखी वाढला. सप्टेंबरमध्ये मारुतीचं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं कंपनीनेच सांगितलं. आणि त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या, सियाझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल६. दोष मोटर जनरेटर युनिटमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या एका विजेच्या भागात, होता. भाग बदलण्याचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होईल, तोवर पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असा सल्ला मालकांना दिला गेला.

तारखेसह सांगितलं, हे चांगलंच केलं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्यात हा सल्ला पाळायचा कसा? परतीचा पाऊस इथे तेव्हाच कोसळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर सहकारनगर, अरण्येश्वर भागातली माणसं विसरलेली नाहीत. सिंहगड रस्त्याने घरी जाणाऱ्याला पुढच्या चौकात पाणी आहे की नाही हे चौकात पोचल्यावरच कळतं.

जानेवारी २०२३ मध्ये मारुतीनेच एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा सल्ला याहून स्पष्ट होता: भाग बदलून होईपर्यंत गाडी चालवू नका. असं लिहायला धाडस लागतं. पण मग तेवढे दिवस ऑफिसला, शाळेला, दवाखान्यात कसं जायचं? पर्यायी गाडी मिळणं हा मालकाचा हक्क आहे असं आपला कायदा म्हणत नाही.

भागांची टंचाई होते तरी कशी, हे पुण्यात राहणाऱ्याला खरं तर समजायला हवं. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, आपल्या भोवती सगळे व्हेंडरच, म्हणजे गाडी कंपन्यांना सुटे भाग बनवून देणारे कारखानेच, आहेत. गाडीच्या कारखान्यात साठा मुद्दाम कमी ठेवतात, माल लाइनला लागेल तसा येतो. व्हेंडरचा साचा, मशिन, कामगार हे सगळं रोजच्या गरजेपुरतं बेतलेलं असतं. मारुतीच्या त्या २०२१ च्या उदाहरणात मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या गाड्या होत्या. अडीच वर्षांत थोडे थोडे करून बनवलेले भाग आता काही महिन्यांत पुन्हा बनवायचे, तेही चालू उत्पादनाची मागणी भागवून. दुसरा व्हेंडर उभा करायचा तर साचे, नमुने, चाचण्या, मंजुरी यांत वेळ जातो. शिवाय एकाच व्हेंडरचा भाग अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असतो, त्यामुळे सगळे एकाच दारात रांग लावतात.

आणि व्हेंडरकडे जे काही बनतं ते दोन वाटांनी जातं. एक वाट नव्या गाडीच्या लाइनला, दुसरी सर्व्हिस सेंटरला. नवी गाडी विकली की पैसे येतात, रिकॉलचा पार्ट बसवला की पैसे जातात. कुणी बंधन घातलं नाही तर माल कुठल्या वाटेला जास्त जाईल, हे सांगायला नको.

दुसरी वाट निवडता येते, याचं उदाहरण आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आग लागण्याचा धोका निघाला आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत एकूण एक बोल्ट, सुमारे १ लाख ४२ हजार, परत बोलावल्या गेल्या. मालकांना गाडी उघड्यावर लावायला आणि बॅटरी पूर्ण चार्ज न करायला सांगितलं. कंपनीने त्या महिन्यात बोल्टचं उत्पादन थांबवलं आणि बॅटरी बनवणाऱ्या एलजीकडून आलेले तिचे नवे मॉड्यूल आधी जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना दिले. नियमित उत्पादन एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. आठ महिने नवी गाडी नाही.

पुण्यातही २६ मार्च २०२२ रोजी लोहगावला उभ्या असलेल्या ओला स्कूटरने पेट घेतला. महिन्याभरात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. तेव्हापासून शहरात बॅटरीवरची वाहनं कितीतरी वाढली आहेत. बॅटरीचा पॅक हा सायलेन्सर नव्हे, की भोसरीत दुसरीकडून करून घेता येईल. पुढची मोठी टंचाई तिथेच होईल असं मला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा विजेच्या मोटारीचं काम एका चुंबकावाचून कसं अडतं ते चाकणनेही पाहिलं.

मधल्या काळात मालकाच्या हातात काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि त्याबाबतीत पुणं मागे नव्हतं. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत इथेच सुरू केली, १९८६ चा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. २०२० पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा अधिकार आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्यासाठी कागद लागतो, आणि "फोन करतो" याचा कागद होत नाही.

म्हणून गेल्या शनिवारी मी दादाबरोबर गेलो. गाडी आत घेऊन जॉब कार्ड उघडायला लावलं, त्यावर 'रिकॉलचा भाग उपलब्ध नाही' असं लिहून तारीख आणि शिक्का घेतला. त्याचा फोटो जोडून कंपनीला ईमेल केली. त्यात तीन गोष्टी विचारल्या: भाग अंदाजे कधी येईल, तोवर ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का, आणि नसेल तर पर्यायी गाडी देणार का. अ‍ॅडव्हायझर मुलगा भला होता. शिक्का मारताना हळूच म्हणाला, "काका, असं लेखी कुणी मागतच नाही. मागितलं की आम्हालाही वर पाठवता येतं."