बिली बोस्टन : कार्डिफचा मुलगा, विगनचा खेळाडू

जून २०२५मध्ये बिली बोस्टन यांना 'सर' हा किताब मिळाला. वय ९०. रग्बी लीगच्या एकाही खेळाडूला त्याआधी हा मान मिळालेला नव्हता. एवढा उशीर का झाला हे समजण्यासाठी रग्बीच्या युनियन आणि लीग या दोन घरांमधली भिंत पाहावी लागते.

उत्तर इंग्लंडचे खेळाडू गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे कामावर खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. ती बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. रग्बी युनियनच्या धुरिणांनी ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. १९०६पासून तिथे १५ऐवजी १३ खेळाडूंचा संघ खेळू लागला. लीगचा पैसा घेतलेल्या खेळाडूला युनियनची दारं कायमची बंद असत. ही भिंत पडली ती थेट १९९५मध्ये, युनियननेच पैसे द्यायला सुरुवात केल्यावर.

बोस्टन यांचा जन्म १९३४चा, वेल्समधल्या कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला. वडील सिएरा लिओनचे. कार्डिफ क्लबकडून आणि मग वेल्सकडून खेळायचं, हे बिलीचं स्वप्न होतं. कार्डिफने त्याला कधी बोलावलंच नाही. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९८०चं दशक उजाडलं, यावरून काय ते समजावं.

१९५३मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या विगन या लीग क्लबचे लोक त्याच्या घरी आले आणि त्यांनी १,५०० पौंड टेबलावर मांडले. मुलगा दूर जाऊ नये म्हणून आईने दुप्पट मागितले. एवढे काही ते देणार नाहीत, असा तिचा अंदाज. त्यांनी दिले! बिली तेव्हा १८ वर्षांचा होता. पैशाच्या मोहापायी खेळ बदलला, असं अशा खेळाडूंबद्दल सर्रास बोललं जाई. बिलीच्या बाबतीत ते साफ अन्यायाचं आहे.

पुढच्याच वर्षी तो ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि १८ सामन्यांत ३६ ट्राय केले (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं). विगनसाठी १९६८पर्यंत ४८८ सामन्यांत ४७८. एकूण कारकिर्दीत ५७१. चेंडू हातात घेऊन धिप्पाड देहाने मुसंडी मारणारा हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा खेळाडू, पाहायला विगनचं मैदान भरून जाई.

लीगही निर्दोष नव्हती. १९५७च्या विश्वचषकाहून परतताना ब्रिटनचा संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळायला थांबला. तिथे वर्णभेदाचा कायदा होता, म्हणून बोस्टन यांना एकट्यालाच घरी पाठवलं गेलं. संघ मात्र खेळला.

विगनमध्ये त्यांचा पुतळा २०१६मध्ये उभा राहिला. कार्डिफ बेमध्ये उभा राहायला २०२३ उजाडलं. गस रिसमन आणि क्लाइव्ह सुलिव्हन या लीगच्या खेळाडूंबरोबर. हे दोघंही कार्डिफचेच, आणि दोघांनीही नाव कमावलं ते उत्तरेत जाऊन.