अ‍ॅडवेअर आणि पॉपअप जाहिराती काढणं

अ‍ॅडवेअर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून आपल्याला नको असताना जाहिराती दाखवत बसणारं सॉफ्टवेअर. टॅब आपोआप उघडतात, होमपेज बदललेलं असतं, सर्च एका ठिकाणी करावं तर निकाल भलतीकडेच उघडतात, साध्या लेखातल्या शब्दांखाली हिरव्या दुहेरी रेघा येतात आणि चुकून माउस त्यावर गेला की जाहिरात हजर. लोक सरसकट याला व्हायरस म्हणतात पण तो वेगळा. व्हायरस न विचारता घुसतो, अ‍ॅडवेअरने मात्र बहुतेक वेळा विचारलेलं असतं, आपणच फुकटचा व्हिडिओ कन्व्हर्टर टाकताना नेक्स्ट नेक्स्ट करत होकार दिलेला असतो. या होकाराच्या आडोशामुळेच अँटिव्हायरसवाले अजूनही त्याला सरळ व्हायरस न म्हणता 'पोटेन्शियली अनवाँटेड प्रोग्रॅम' म्हणजे पीयूपी असं गुळमुळीत नाव देतात.

पॉपअप म्हणजे आपोआप उघडणारी वेगळी खिडकी, तिची गोष्ट अशी. १९९० च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर काम करणाऱ्या इथन झुकरमन यांनी तिचा कोड लिहिला, जाहिरातदाराला आपली जाहिरात एका अश्लील पानावर चिकटलेली दिसली आणि तो भडकला म्हणून ती वेगळ्या खिडकीत काढायची युक्ती होती, आणि २०१४ मध्ये त्यांनी या प्रकाराबद्दल जाहीर माफीही मागितली. पुढे २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉपअप ब्लॉकर आला. पण ब्राउझर वेबसाइटला अडवू शकतो, कॉम्प्युटरमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमला कसा अडवणार? पासवर्ड लक्षात ठेवून फॉर्म भरून देणारं गेटर हे त्या काळातलं गाजलेलं नाव, सोय फुकट आणि बदल्यात जाहिराती. झँगो हे असंच दुसरं अ‍ॅडवेअर चालवणाऱ्या कंपनीला तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २००६ मध्ये ३० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. आणि कधी कधी तर नवं मशीनच आधीपासून बाधित येतं: लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर फॅक्टरीतूनच टाकलेलं होतं, ते फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं. ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची हे कॉम्प्युटर ज्यावरून ठरवतो ते) बसवून बँकेच्या सुरक्षित पानांच्याही मध्ये बसू शकत होतं, त्यामुळे प्रोग्रॅम काढला तरी सर्टिफिकेट वेगळं काढावं लागायचं.

आता काढायचं कसं. इथे बहुतेकांची चूक एकच होते, जाहिरात येते कुठून हे न बघता थेट स्कॅनर चालवतात, काही सापडत नाही, दुसरा चालवतात, शेवटी वैतागून विंडोज फॉरमॅट. आधी जाहिरात नीट बघा. ती स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोनी पट्टीसारखी सरकत येते का, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' वगैरे लिहिलेलं, आणि पट्टीवर बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता आहे का? असेल तर कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅडवेअर नाहीच! कुठल्यातरी पानावर 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाव दाबा' असं आलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं, ते खरं तर नोटिफिकेशन पाठवायची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ती साइट काढली की विषय संपला. स्कॅनरला यात काही सापडत नाही कारण सापडण्यासारखं काही नसतंच. हल्ली 'पॉपअप येतायत हो' म्हणून कोणी विचारलं की मी सगळ्यात आधी हेच बघायला सांगतो.

जाहिराती पानाच्या आतच येत असतील तर तेच पान इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून बघावं. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात, त्यामुळे जाहिराती गायब झाल्या तर गुन्हेगार एखादं एक्स्टेन्शनच. सगळी बंद करून एकेक चालू करत गेलं की सापडतं, आणि बरेचदा ते आपण दोन वर्षांपूर्वी स्वतः टाकलेलं सज्जन एक्स्टेन्शन निघतं, कारण मूळ बनवणारा ते दुसऱ्याला विकतो आणि नवा मालक अपडेटमधून जाहिराती घुसवतो. रिमूव्हचं बटणच दिसत नसेल आणि घरच्या मशीनवर ब्राउझर म्हणत असेल की हा तुमच्या ऑर्गनायझेशनकडून मॅनेज होतोय, तर रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात तिथे) पॉलिसी म्हणजे सक्तीचा नियम लिहून ते जबरदस्तीने बसवलेलं असू शकतं. (काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, तेव्हा लगेच घाबरू नये.)

ब्राउझर बंद असतानाही खिडक्या उघडत असतील तर मात्र खरा प्रोग्रॅम आहे. कंट्रोल पॅनलमधली प्रोग्रॅमची यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावायची, त्रास सुरू झाला त्या दिवशी कोण कोण आले ते एका रांगेत दिसतं, तीन-चार पाहुणे एकदमच आलेले असतात. ते अनइन्स्टॉल करताना 'खरंच काढायचं का, की ठेवायचं' असे उलटसुलट प्रश्न येतात, बटणं वाचूनच दाबायची. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा भाग बघायचा: जाहिरात दर तासाला किंवा लॉगिन केल्याबरोबर ठराविक वेळेला येत असेल तर तिथे बहुतेक एखादी नोंद असते, नाव सिस्टीम अपडेटसारखं साळसूद आणि आत फक्त ब्राउझर उघडून एक पत्ता टाकायची कमांड. अजून एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे डेस्कटॉपवरचा ब्राउझरचा शॉर्टकट. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ब्राउझरच्या फाइलचं नाव संपून अवतरण चिन्ह बंद झालं की त्यापुढे एखाद्या सर्च साइटचा पत्ता चिकटवलेला असतो, रकाना छोटा असल्यामुळे कर्सर शेवटपर्यंत नेल्याशिवाय तो दिसतही नाही. एका मशीनवर होमपेज सेटिंगमधून दहा वेळा बदलून झालं होतं, रिसेट पण झालं होतं, आणि रोग या रकान्यात होता.

हे झाल्यावर स्कॅनर. अ‍ॅडक्लीनर हे याच कामाचं छोटं टूल, २०११ पासून आहे, २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतलं, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि सापडलेलं क्वारंटाइनमध्ये ठेवतं म्हणजे चुकून कामाचं काही गेलं तर परत आणता येतं. विंडोजच्या डिफेंडरमध्येही नको असलेली अ‍ॅप अडवायची सोय आहे, ती चालू आहे का बघून घ्यावं. टूल बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्यायचं, कारण 'पॉपअप कसे काढावे' असं सर्च केलं की वरच्या जाहिरातीतला क्लीनर हाच पुष्कळदा पुढचा अ‍ॅडवेअर असतो.

ब्राउझर रिसेट अगदी शेवटी. आधी केलं तर मागे बसलेला प्रोग्रॅम सगळं परत जसंच्या तसं करून ठेवतो आणि आपल्याला वाटतं रिसेट चालतच नाही. रिसेटच्या आधी सिंक (ब्राउझरची सेटिंग अकाउंटमध्ये जपून ठेवणारी सोय) बंद करायचं, नाहीतर इथून काढलेलं एक्स्टेन्शन अकाउंटमधून परत उतरतं, दुसऱ्या मशीनवर तेच असेल तर तिथूनही काढायचं.

मॅकला हे होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी श्लेयर पुरेसं आहे, २०१८ मध्ये सापडलेला हा प्रकार फ्लॅश प्लेयरचं खोटं अपडेट म्हणून यायचा. मॅकवर अ‍ॅप्लिकेशन फोल्डरसोबत लॉगिन आयटम आणि सेटिंगमधले प्रोफाइल (सेटिंग सक्तीने लावणाऱ्या फाइल) बघायचे, कारण होमपेज प्रोफाइलनेच अडकवून ठेवलेलं असू शकतं.

आणि हे सगळं करूनही जाहिराती येत असतील, त्याच वायफायवरच्या फोनवरही येत असतील, मोबाइल डेटावर गेलं की थांबत असतील, तर कॉम्प्युटरला सोडा आणि राउटर बघा, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता सांगणारा सर्व्हर, बदललेला असू शकतो. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने ४० लाखांच्या आसपास कॉम्प्युटरचा डीएनएस असाच वळवून जाहिरातींवर पैसे कमावले होते. २०११ मध्ये टोळी पकडली तेव्हा टोळीचे डीएनएस सर्व्हर लगेच बंद केले असते तर या सगळ्या लोकांचं इंटरनेटच गेलं असतं, म्हणून एफबीआयच्या सांगण्यावरून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर लावून ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. राउटर फॅक्टरी रिसेट करून त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला की यातलं बहुतेक निघून जातं.