चिव्हनिंग शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रं आणि ज्यावर निवड ठरते ते चार निबंध

परदेशी शिक्षणासाठीच्या आपल्या सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे मुख्यतः दाखल्यांची फाइल. जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रकं, विद्यापीठाचं ऑफर लेटर असं सगळं जागेवर असलं की निम्मी लढाई जिंकली. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचं तसं नाही. तिथे उत्पन्नाची अट नाही, वयाचीही नाही, आणि सुरुवातीला कागदही फार मागत नाहीत. आधी चार छोटे निबंध वाचले जातात आणि त्यातून निवडलेल्यांची मुलाखत होते. गेली काही वर्षं ओळखीतल्या मुलामुलींचे हे निबंध वाचून देते आहे. उत्तम काम केलेली माणसं निबंधात मागे पडताना पाहिली की जीव हळहळतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पात्रता. 1983 पासून चालू असलेली ही शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पूर्णवेळ मास्टर्ससाठी आहे. पीएचडी, अर्धवेळ किंवा दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालत नाहीत आणि एमबीए केलं तर फीवर कमाल मर्यादा असते. पदवी हवी आणि कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. हा अनुभव तासांत मोजतात: एकूण 2,800 तास, म्हणजे आठवड्याला 35 तास, वर्षाला 40 आठवडे, दोन वर्षं. संस्थेत अर्धवेळ किंवा विनामोबदला काम केलं असेल तर तेही तासांत मांडता येतं. कोणत्या काळातलं काम धरतात ते त्या वर्षीच्या नियमांत वाचा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: शिक्षण संपल्यावर भारतात परत येऊन किमान दोन वर्षं राहायचं. तिकडेच नोकरी बघायची असेल तर हा अर्ज तुमच्यासाठी नाही. ब्रिटिश सरकारच्या पैशावर आधी तिकडे शिकलेल्यांनाही अर्ज करता येत नाही. बदल्यात फी, दरमहा निर्वाहभत्ता, येण्याजाण्याचं विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च मिळतो.

अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. मुलाखती पुढच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान होतात आणि निकाल जूनच्या आसपास लागतो. अर्जात तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात, पण इथे अनेकजण गफलत करतात. चिव्हनिंगच्या अर्जात विद्यापीठाचं नाव लिहिलं म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला असं होत नाही. तो वेगळा, स्वतः करायचा, आणि जुलैपर्यंत तिघांपैकी एका ठिकाणची बिनशर्त ऑफर, म्हणजे कोणतीही अट पूर्ण करायची बाकी नसलेला प्रवेश, हातात हवी. इंग्रजीच्या परीक्षेची चिव्हनिंगची स्वतंत्र अट नाही, पण विद्यापीठ ती मागू शकतं. मुलाखतीला बोलावणं आलं की दोन शिफारसपत्रं आणि पदवीची कागदपत्रं लागतात, ओळखपत्रही लागतं, पासपोर्ट असला तर उत्तम. पासपोर्ट नसेल तर आजच काढायला टाका. शिफारस देणाऱ्या सरांना किंवा साहेबांना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा. ऐनवेळी गाठलं की ‘हुशार आणि मेहनती’ एवढंच पत्र मिळतं.

आता निबंध. विषय चार: नेतृत्व आणि प्रभाव, नाती जोडणं म्हणजे नेटवर्किंग, याच अभ्यासक्रमांची निवड का, आणि पुढच्या कामाची योजना. शब्दमर्यादा त्या वर्षीच्या अर्जात बघा, जुन्या व्हिडिओतला आकडा धरून बसू नका.

मराठी मुलांचा नेतृत्वाचा निबंध बहुतेक वेळा एकाच शब्दावर अडतो, तो म्हणजे ‘आम्ही’. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याकडे मिरवणं समजतात. घरी, शाळेत, संस्थेत हेच शिकवलेलं असतं, आणि ते वाईटही नाही. पण निबंध वाचणाऱ्याला निवडायचं असतं तुम्हाला, तुमच्या संस्थेला नाही. समजा, बीड जिल्ह्यात पाण्यावर काम करणारी एक मुलगी लिहिते, ‘आम्ही विहीर पुनर्भरणाचं काम केलं आणि गावाचा कायापालट झाला.’ यात ती कुठे आहे? तिला खोदून विचारलं की कळतं: पुनर्भरण केलं की विहीर सरकारजमा होईल, सातबाऱ्यावर नोंद चढेल, अशी भीती शेतकऱ्यांना होती. ती तलाठ्याकडे गेली, अशी कोणतीही नोंद होत नाही हे लेखी घेतलं, बायका रानातून परतल्यावर संध्याकाळी बैठक लावली आणि तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. आधी तीन विहिरींचे मालक तयार झाले, बाकीचे पावसाळ्यानंतर. हाच निबंध आहे! अडचण काय होती, लोक का ऐकत नव्हते, तिने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर काय बदललं. ‘कायापालट’ हा शब्द लागतच नाही. नेतृत्वासाठी पद लागत नाही, हेही यातून दिसतं.

सुरुवातीला सुविचार नको, ‘लहानपणापासूनच मला’ नको. शाळेच्या निबंधातला उपोद्घात इथे चौथाई जागा खातो. गरिबीबद्दल लिहायचं तर जरूर लिहा, पण त्या परिस्थितीत तुम्ही कोणता निर्णय घेतला ते त्याच परिच्छेदात यायला हवं.

नेटवर्किंगच्या निबंधात मुलं बिचकतात, कारण ‘ओळख’ म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. इथे विचारलेलं वेगळं आहे. अनोळखी माणसाकडे तुम्ही कामासाठी कसे गेलात, त्याच्याबरोबर काय उभं केलं, आणि त्यालाही त्यातून काय मिळालं? बचत गटाच्या ताईंपासून बँकेच्या शाखाधिकाऱ्यापर्यंत कुणीही चालेल. लिंक्डइनवर किती जण जोडलेत हे सांगू नका.

अभ्यासक्रमाच्या निबंधात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची वाक्यं उतरवू नका. तुमच्या कामात नेमकं काय अडलं आणि कोणता विषय शिकल्यावर ते सुटेल, एवढं जुळवा. तिन्ही अभ्यासक्रम एका दिशेचे असावेत. योजनेच्या निबंधात ‘देशसेवा’ पुरत नाही. परतल्यावर कोणत्या प्रकारच्या कार्यालयात, कोणत्या प्रश्नावर काम करायचं आहे ते लिहा, आणि मग पाच-दहा वर्षांचं.

मजकूर स्वतःचाच हवा. दुसऱ्याचा उतरवलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला निबंध सापडला तर अर्ज बाद होऊ शकतो. मराठीत सुचत असेल तर पहिला खर्डा मराठीतच लिहा, मग इंग्रजीत आणा. गोष्ट सांगताना तुम्ही मराठीत अडखळत नाही, आणि तो मोकळेपणा इंग्रजीतही टिकतो. नंतर तुमच्याबरोबर काम केलेल्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, असंच झालं होतं ना?

अर्ज एकदा पाठवला की बदलता येत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पाठवल्यावर चारही निबंधांची प्रत जपून ठेवा. मुलाखतीत त्यातल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात, आणि तोवर चार ते सहा महिने उलटलेले असतात.