ओला मोजा, स्टीलचा गडवा आणि नागपूरचा मे महिना

एप्रिल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘समर ॲक्टिव्हिटी’च्या पीडीएफ फिरू लागतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी म्हणून त्यात असतं काय? समुद्रकिनारा, वाळूचा किल्ला, शिंपले, गॉगल लावलेला सूर्य आणि रंगवायला आइस्क्रीमचा कोन. चित्रं गोड आहेत, रंगवू द्या. पण नागपूरच्या बहुतेक पोट्ट्यांनी समुद्र पाहिलेला नसतो, कूलर मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो. माठातलं पाणी गार लागतं आणि दुपारी नळाचं पाणी चटका देतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. गच्चीवर टाकलेली ओढणी खाली येऊन चहा होईपर्यंत वाळते, हेही ठाऊक असतं. नळाचं सोडलं तर या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे: पाणी वाळताना सोबत उष्णता घेऊन जातं. ते बोटांनी अनुभवायला मे महिन्यातल्या नागपूरसारखी प्रयोगशाळा मुंबईत किंवा कोकणात मिळायची नाही.

तीन वर्षांच्या मुलासाठी साहित्य म्हणजे फक्त पाणी. त्याच्या एका हाताची मागची बाजू ओल्या बोटाने भिजवा, दुसरा हात कोरडा ठेवा आणि दोन्हींवर आळीपाळीने फुंकर मारायला सांगा. ‘कुठला हात गार?’ एवढंच विचारायचं. तळहातावर करू नका, तिथली कातडी जाड असते. आणि माठातलं पाणी घेऊ नका, कारण मग गारवा पाण्याचा की वाळण्याचा, हे कळायला मार्ग राहत नाही. टाकीतलं कोमट झालेलं पाणीच घ्या. कोमट पाणी लावूनही हात गार होतो, खरी गंमत तिथे आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलांना फरशीवर पाण्याने रंगकाम करायला द्या. रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश, अर्धी वाटी पाणी, सकाळी आठची वेळ. शहाबादी फरशीवर ओला ठसा काळा उमटतो आणि कडेकडून फिकट होत आत सरकतो. ठशाच्या कडेने खडूची रेघ मारायची, दोन मिनिटांनी उरलेल्या ओलाव्याभोवती दुसरी, मग तिसरी. इथे एक गोची होते. पाणी कुठं गेलं असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, ‘फरशीनं पिऊन टाकलं.’ मोठी माणसं लगेच दुरुस्त करायला धावतात. खरं तर शहाबादी फरशी आणि सिमेंट थोडं पाणी शोषतातच, तेव्हा मूल चुकलेलं नसतं. प्रयोगच असा मांडलेला असतो की दुसरं उत्तर सुचू नये.

म्हणून पुढची पायरी स्टीलच्या भांड्यांची, कारण स्टील पाणी पीत नाही. सपाट बुडाचं, साधारण २५ सेंटिमीटर व्यासाचं ताट, एक वाटी आणि एक उभा पेला घ्या. तिन्हींत औषधाच्या मापाने २०-२० मिलिलिटर पाणी मुलाकडूनच ओतून घ्या. तिन्ही भांडी सावलीत, पण वाऱ्याला ठेवा. उन्हात ताट इतकं तापतं की हात पोळतो. ताटातलं पाणी बरंच आधी उडून जातं, वाटीचं रेंगाळतं, पेल्याचं दुसऱ्या दिवशीही सापडू शकतं. सहा सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यापेक्षा ताटाचा पसारा सतरापट असतो, हा हिशेब मुलाला सांगायची गरज नाही. ‘पसरलेलं पाणी लवकर गेलं’ एवढं त्याच्या तोंडून आलं की झालं. हा प्रयोग बिघडतो तो ताटाच्या तेलकटपणाने. तेलाचा अंश राहिला तर पाण्याचे थेंब गोळा होतात, पसरत नाहीत आणि ताट मागे पडतं. आधी राखेने घासून घ्या.

आता मोज्याचा प्रयोग. दोन सारखे स्टीलचे गडवे घ्या, प्रत्येकात टाकीतलं अर्धा लिटर पाणी भरा. एका गडव्यावर जुना सुती मोजा ओला करून चढवा आणि तो गडवा खोलगट ताटलीत ठेवा. ताटलीत बोटभर पाणी असू द्या, म्हणजे मोजा खालून पाणी ओढत राहील. दुसरा गडवा नुसताच, शेजारी कोरड्या जागी. दोन्ही व्हरांड्यात, सावलीत, पंखा असेल तर पंख्याखाली. तासाभराने मुलाला दोन्हींतलं पाणी बोट बुडवून पाहू द्या. सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढा फरक चार वर्षांच्या बोटालाही कळतो. आकडा हवा असेल तर ० ते १०० अंशांचा, पारा नसलेला प्रयोगशाळेचा तापमापक किंवा स्वयंपाकाचा डिजिटल तापमापक वापरा. तापाचं थर्मामीटर इथे कामाचं नाही, ते साधारण ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. फरक पडला नाही तर तीन कारणं तपासा: मोजा नायलॉनचा होता, मोजा मधेच कोरडा पडला किंवा गडवा उन्हात होता. प्लॅस्टिकची बाटली घेतली तरी चालतं, पण प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते, म्हणून थोडा जास्त वेळ लागू शकतो.

हे होतं कसं, ते मोठ्यांनी नीट समजून घ्यावं. पाण्याचे रेणू सगळे एकाच वेगाने हलत नाहीत. काही मंद असतात, काही चपळ. पृष्ठभागावरच्या ज्या रेणूंकडे शेजाऱ्यांची पकड तोडण्याइतकी ऊर्जा असते, तेच हवेत निसटतात. वर्गातली सगळ्यात उंच चार मुलं बाहेर गेली की उरलेल्यांची सरासरी उंची उतरते, तसं मागे राहिलेल्या रेणूंच्या ऊर्जेची सरासरी उतरते. तापमान म्हणजे या सरासरीचंच माप. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता नेतं. उलट एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला फक्त ४.२ ज्यूल काढावे लागतात. म्हणजे आपल्या गडव्यातलं अर्धा लिटर पाणी ३८ वरून २६ अंशांवर आणायला, बाहेरून उष्णता येत नाही असं धरलं, तर जेमतेम दोन चमचे पाणी वाळणं पुरतं. प्रत्यक्षात गरम हवा सतत उष्णता ओतत असते, त्यामुळे थोडं जास्त लागतं.

मग गडवा गार होत होत बर्फ का होत नाही? कारण निसटणं एकतर्फी नसतं. हवेतली वाफही परत मोज्यावर येऊन बसते आणि हवेत वाफ जितकी जास्त, तितकी परतफेड जास्त. शिवाय मोजा जसजसा गार होतो, तसतसे त्यातून निसटणारे रेणू कमी होतात आणि आजूबाजूची गरम हवा त्याला अधिक जोराने तापवू लागते. कुठेतरी जमा आणि खर्च जुळतात. त्या तापमानाला वेट बल्ब तापमान म्हणतात. मे महिन्यातली दुपार ४४ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर ते साधारण २३ अंशांवर येतं, म्हणजे हवेपेक्षा तब्बल २१ अंश खाली. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ते २८ च्या पुढेच थांबतं, फरक पाच-सहा अंशांचा. मुंबईकराला कूलरचं कौतुक का नाही, याचं उत्तर या दोन ओळींत आहे. हा भाग डोक्यावरून गेला तरी हरकत नाही, मोजा त्याचं काम करतो.

माठ म्हणजे हाच मोजा, मातीचा. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला झिरपतं आणि तिथे वाळतं. कुंभाराकडून दोन छोटी मडकी आणा. एकाला बाहेरून ऑइल पेंट फासा, पूर्ण वाळू द्या, आणि रात्रभर दोन्ही पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही भरून वाऱ्याला ठेवा. रंगवलेलं मडकं दिसायला देखणं, पण त्यातलं पाणी फारसं गार होत नाही, कारण छिद्रं बुजलेली असतात. बाजारातले चकचकीत रंगाचे माठ घेताना हे लक्षात असू द्यावं. जुना माठ गार करेनासा होतो तोही छिद्रं बुजल्यामुळेच, फक्त इथे ती जड पाण्यातल्या क्षारांनी बुजतात. नारळाच्या काथ्याने बाहेरून घासलं की काही दिवस फरक पडतो. साबण लावू नका, माती तो शोषून घेते.

कूलरही तेच करतो: वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तंतूंच्या ताटीवर पाणी, त्यातून ओढलेली कोरडी हवा. खोली बंद करून कूलर लावणाऱ्यांची चूक आता लक्षात यावी. वाफ बाहेर जायला वाट नसेल तर हवा दमट होत जाते आणि तासाभरात अंग चिकचिकायला लागतं. समोरची खिडकी उघडी हवी. टाकीत बर्फाची लादी टाकण्याचा सोसही फुका आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक किलो पाणी वाळताना नेतं. आणि मोबाइलवर ‘मिनी एसी’ म्हणून जी वीतभर डबी विकली जाते, तिच्या टाकीत मावतं अर्धा लिटर पाणी. ते चार तासांत वाळलं तर सरासरी ८० वाटच्या आसपास उष्णता निघते. नुसता बसलेला मोठा माणूस साधारण १०० वाट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे डबीसमोर बसलेल्याचाच हिशेब भागत नाही, खोली कुठून गार होणार! ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याचंही तसंच आहे. कांद्यात पाणी भरपूर असतं, पण ते सालाच्या आत असतं. खिशात बसून तो कुणाचंही ऊन ओढून घेत नाही. मुलाला पाणी पाजा, पन्हं द्या, टोपी घाला, कांदा भाजीत टाका.

बर्फाचे खेळ हल्ली सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात: वाटीत फूल ठेवून पाणी गोठवा, ते फूल मिठाच्या चिमटीने सोडवायला द्या. ट्रेमधले छोटे तुकडे लहानग्यांना देऊ नका, घशात अडकतात.

सावलीचा एक प्रयोग मात्र नागपुरात चुकवू नये. शहर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या सुमारास सूर्य भरमाध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास झालेले असतात. उभ्या पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली दडते. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. सकाळी साडेसातला पुठ्ठ्यावर पेला ठेवून सावलीची कड खडूने आखा, साडेआठला पुन्हा, साडेनऊला पुन्हा, आणि दुपारी फक्त पाच मिनिटांसाठी पुठ्ठा बाहेर आणा. मूल दारातूनच बघेल, आणि वर सूर्याकडे मुळीच बघणार नाही, हे मोठ्यांनी पाहायचं. पेला वाकडा असेल तर सावली उरते, म्हणून पुठ्ठा सपाट फरशीवर ठेवा. याच दिवसांत नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो आणि ‘सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलाय’ असे मेसेज फिरतात. वस्तुस्थिती उलटी आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटींवर. उकाडा अंतराचा नाही, डोक्यावरच्या सरळ किरणांचा, लांब दिवसाचा आणि कोरड्या जमिनीचा आहे.

काही गोष्टींना मात्र तडजोड नाही. उघड्यावरचे खेळ साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ लहान मूल एकटं सोडायचं नाही, वीतभर पाणीही घात करू शकतं. कूलर हा मुलांचा प्रयोग नाही: पाणी भरताना प्लग काढलेला हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि ओल्या हाताने त्याच्या पत्र्याला कुणीही हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, अंग तापलं तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरकडे न्यायचं.

मोज्याचा प्रयोग जुलैत पुन्हा करा, तोच गडवा, तोच मोजा, तीच जागा. हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर वेट बल्ब तापमान २८ वर अडकतं. फरक तीन अंशांचा, बोटाला कळेल न कळेल. मूल म्हणेल, बिघडला. मग मे महिन्यात किती गार झालं होतं ते त्याला आठवू द्या, दोन्ही वेळचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि वाळत घातलेले कपडे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओलेच का आहेत ते त्यालाच हात लावून पाहायला सांगा. डोक्यावरचा सूर्य १७ जुलैच्या आसपास पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. सावलीचं काम मे महिन्यातच उरकून घ्यावं.