ईद कुणाची, सुट्टी कुणाची: राष्ट्रीय दिवस आणि मुस्लिम धर्मशास्त्र

बिगर-मुस्लिम देशांत राहणाऱ्या मुसलमानांनी स्वातंत्र्यदिन किंवा थँक्सगिव्हिंग (अमेरिकेतला आभार मानण्याचा राष्ट्रीय दिवस) यांसारख्या दिवसांत सहभागी व्हावे की नाही, या वादात दोन्ही बाजूंना ज्या वचनापाशी यावेच लागते, ते मदिनेतले आहे. ‘सुनन अबू दाऊद’ या हदीससंग्रहातील (प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातील) नोंदीनुसार प्रेषित मुहंमद मदिनेला आले तेव्हा तिथले लोक वर्षातले दोन ठरावीक दिवस खेळण्यात घालवत असत. प्रेषितांनी त्यांना सांगितले की, अल्लाहने या दोहोंच्या बदल्यात तुम्हाला अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत, ईद-उल-अजहा आणि ईद-उल-फित्र. ते जुने दिवस म्हणजे नौरोज आणि मेहरगान हे इराणी सण, असे पुढच्या भाष्यकारांनी म्हटले. आता ‘बदल्यात’ याचा अर्थ जुने दिवस कायमचे बाद झाले असा घ्यायचा, की बदल फक्त धार्मिक सणांचा झाला असा, यावर मते फुटतात. त्यात अरबी ‘ईद’ हा शब्द मूळच्या ‘परतणे’ या धातूशी जोडला जातो, त्यामुळे दरवर्षी ठरल्या तारखेला परतणारा कोणताही दिवस ईदच ठरतो का, ही शंका भाषेनेच पेरून ठेवली आहे.

याच संग्रहातील दुसरे वचन सांगते की, जो एखाद्या समूहाचे अनुकरण करतो तो त्यांच्यापैकीच होतो. या अनुकरणाला शास्त्रात ‘तशब्बुह’ म्हणतात. तिसरी नोंद मात्र मला या दोहोंपेक्षा उपयोगाची वाटते. एका माणसाने बुवाना नावाच्या ठिकाणी उंटांची कुर्बानी देण्याचा नवस केला होता. प्रेषितांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: तिथे पूर्वी एखाद्या मूर्तीची पूजा होत असे का, आणि तिथे त्या लोकांचा एखादा सण भरत असे का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यावर नवस फेडण्यास परवानगी मिळाली. कृती एकच, पण तिच्यामागे कोणती उपासना किंवा कोणाचा सण आहे याची आधी चौकशी करायची, ही पद्धत इथे दिसते आणि आजचे फतवेही तिच्याच वाटेने जातात.

व्यवहार शास्त्राइतका काटेकोर कधीच नव्हता. अब्बासी खलिफांच्या दरबारात नौरोजला भेटी दिल्या-घेतल्या जात आणि जमीनमहसुलाची वसुलीही त्या दिवसाशी बांधलेली होती. इराणी सौरवर्षात लीप दिवस नसल्याने नौरोज हळूहळू मागे सरकला आणि पीक हाती येण्याआधीच वसुलीदार दारात उभे राहू लागले, म्हणून खलिफा मुअतदिद याने 895 मध्ये तो 11 जूनवर नेला. परक्या परंपरेतला दिवस राज्याच्या हिशेबाचा दिवस झाला होता, आणि त्याची तारीख खलिफाच ठरवत होता. या सैलपणाविरुद्धचा सर्वांत सविस्तर युक्तिवाद धर्मशास्त्री इब्न तैमिया (1263–1328) यांचा आहे. सीरियातील मुसलमान ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सणांत रमतात हे पाहून त्यांनी एक मोठा ग्रंथच लिहिला. सण हा धर्माच्या ओळखीचा भाग असतो, इतरांच्या सणात सामील होणे म्हणजे त्या धर्माच्या एका अंगात सामील होणे, हा त्याचा गाभा. मात्र त्यांच्यासमोरचे सण खरोखरच धार्मिक होते, हे आज त्यांचे दाखले देताना सहसा सांगितले जात नाही.

धर्माशी संबंध नसलेला राष्ट्रीय दिवस ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. फ्रान्सने 14 जुलै हा राष्ट्रीय सण ठरवला तो 1880 मध्ये. अशा दिवसासाठी जुन्या शास्त्रात तयार कप्पा नव्हता. अनुकरणाच्या प्रश्नाला नवे वळण मिळाले ते एका टोपीमुळे. 1903 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमधून इजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह यांना विचारण्यात आले की, तिथले काही मुसलमान कामकाजासाठी युरोपीय हॅट घालतात, हे चालेल का? इस्लाम सोडून दुसऱ्या धर्मात जाण्याचा हेतू नसेल तर त्याने कोणी धर्माबाहेर जात नाही, असे त्यांनी कळवले. हेतू निर्णायक ठरला की राष्ट्रीय दिवसाचे दारही किलकिले होते.

कठोर बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती सौदी अरेबियाच्या फतवा समितीने. राष्ट्रीय दिन पाळणे म्हणजे इतरांचे अनुकरण, असे तिचे मत होते. पण त्याच फतव्यात ती म्हणते की, वाहतूक सप्ताह किंवा शाळांचे वेळापत्रक यांसारख्या कामाच्या सोयीसाठी ठरवलेल्या गोष्टींना हरकत नाही, कारण त्यांत उपासना नाही. म्हणजे उपासना आणि सामान्य व्यवहार यांतील सीमारेषा समितीलाही मान्य आहे, भांडण आहे ते राष्ट्रीय दिवस तिच्या कोणत्या बाजूला पडतो याचे. आणि हे भांडण केवळ अल्पसंख्याकांचे नाही, कारण खुद्द सौदी सरकारने 2005 पासून 23 सप्टेंबरला, म्हणजे आपल्याच राष्ट्रीय दिनाला, अधिकृत सुट्टी दिली.

बिगर-मुस्लिम देशांसाठी स्वतंत्र विचार सुरू झाला तो 1990च्या दशकात, ‘अल्पसंख्याकांचा फिकह’ (फिकह म्हणजे इस्लामी विधिशास्त्र) या नावाने. 1997 मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चचे तत्कालीन प्रमुख युसुफ करदावी यांनी स्वातंत्र्यदिन, मातृदिन, बालदिन अशा दिवसांच्या शुभेच्छा देण्यास तर मोकळीक दिलीच, पण निषिद्ध गोष्टी टाळून, त्या देशाचा नागरिक किंवा रहिवासी या नात्याने सहभागी होण्यासही परवानगी दिली. ‘नागरिक’ या नात्यावर निर्णय बेतणे हे जुन्या दार-उल-इस्लाम (मुस्लिम सत्तेखालचा प्रदेश) आणि दार-उल-हर्ब (त्या सत्तेबाहेरचा, शत्रूचा प्रदेश) या विभागणीत बसणारे नव्हते.

अमेरिकेत हे वळण शास्त्राबाहेरून आले. नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय अमेरिकी मुसलमानांच्या संघटनेचे नेते एलिजा मुहंमद यांनी अमेरिकेशी निष्ठेचे नाते नाकारले होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुरुंगवासही भोगला होता. 1975 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर सूत्रे हाती घेणारे पुत्र वारिथ दीन मुहंमद यांनी अनुयायांना अमेरिकेचा झेंडा स्वीकारायला लावला आणि 4 जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ‘न्यू वर्ल्ड पॅट्रिऑटिझम डे’ म्हणून साजरा करायला सांगितले.

भारतात आक्षेप दिवसाला नव्हता, उपासनेच्या छटेला होता. ‘वंदे मातरम्’मधील देवीच्या उल्लेखांवर मुसलमानांनी हरकत घेतल्यावर काँग्रेस कार्यसमितीने 1937 मध्ये पहिली दोनच कडवी गाण्याचे ठरवले. बुवानाच्या त्या दोन प्रश्नांपैकी पहिला इथे वेगळ्या रूपात पुन्हा विचारला गेला होता.

अजूनही सर्वांत अडखळायला लावतो तो थँक्सगिव्हिंग. 1863 मध्ये लिंकन यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात ईश्वराचे आभार मानण्याचे स्पष्ट आवाहन होते, तेव्हा त्याला निखळ धर्मनिरपेक्ष म्हणणे कठीण. पण तो कोणत्याही चर्चचा सण नाही आणि आभार मानणे इस्लामलाही परके नाही. त्यामुळे काही मुफ्ती त्याला ख्रिस्ती मुळांमुळे वर्ज्य ठरवतात, काही त्याला कुटुंबाच्या जेवणापलीकडे काही मानत नाहीत, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अनेक मुस्लिम घरांत टर्की शिजते ती हलाल असते.